गावाचा रकाना आणि मातोश्रींचे मावंदे

आमच्या मातोश्री सोनूबाई काशीयात्रा करून सुखरूप परतल्या आणि त्या क्षणापासून आमच्या घरातील सुखरूपता संपुष्टात आली. काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करून आप्तेष्टांस जेवू घालणे, यास आमच्याकडे मावंदे असे म्हणतात. मावंदे घातल्यावाचून यात्रा पूर्ण होत नाही. त्याहून कठीण अट अशी की, आवतन दिलेला एकही माणूस उपाशी परतला, तर काशीचे सर्व पुण्य त्याच्या पाठोपाठ चालते होते आणि यात्रेकरूच्या पदरी केवळ गुडघेदुखी उरते. ही अट कोणत्या ग्रंथात आहे हे मला शोधूनही सापडले नाही. परंतु मातोश्रींना ती तोंडपाठ होती.

“धर्मा,” गंगेची झारी देवघरात ठेवीत त्या म्हणाल्या, “लई पसारा नको. आपली गल्ली, अन् जालन्यातले तुह्या वळखीचे. वाटूरच्या भावकीला मी सोता सांगून येते. पन एक ध्यानात ठेव, मानूस उपाशी गेलं न्हाई पाहिजे. बसमदी बसून पाय सुजले माहे. ते फुकट घालू नको.”

मी, धर्मराज, नवीन जालन्यात एका बी-बियाण्यांच्या दुकानात गादीजवळ बसतो. आमच्या गल्लीतील बहुतेकांचे कोठे ना कोठे शेत आहे, आणि जालन्यातील माझी ओळख म्हणजे दुकानातील गिऱ्हाइकांची ओळख. ही सर्व मंडळी त्या सुमारास संगणकात जाऊन बसली होती. शेठजींनी संगणक नवाच आणला होता व तो चालविण्यासाठी अजमत नावाचा सद्गृहस्थ ठेवला होता. पेरणीचे दिवस आले की अजमत संगणकास गाव सांगे आणि संगणक त्या गावच्या गिऱ्हाइकांचे पत्ते चिकटपट्ट्यांवर खडखडा छापून देई. मी शेठजींची रीतसर परवानगी काढली. “छाप बाबा,” शेठजी म्हणाले, “पण मशीन बिघडवू नको.” हा दुसरा भाग त्यांनी बोलावयास नको होता, असे मला आजही वाटते.

आवतन तोंडी द्यावे की छापील, यावर गल्लीत दोन मते नव्हती. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, “तोंडानं सांगितलेलं मानूस इसरतं, भाऊजी. पत्रिका खिळ्याला लटकून राहाती.” समोरचे बदरोद्दीनभाई यांचा तर स्वतःचा छापखाना, त्यांचे मत निराळे असण्याचा संभव नव्हता.

पत्रिकेचा मजकूर मी स्वतः सिद्ध केला. भागीरथीचा उगम, सगराचे पुत्र, मातोश्रींचे पुण्याचरण आणि शेवटी भोजनाची वेळ, असा त्याचा क्रम होता. बदरोद्दीनभाईंनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“धर्मराजभाऊ, इतकी गंगा एका कार्डात न्हाई मावत. सगराची पोरं काढून टाकू का?”

“ती काढली तर गंगा पृथ्वीवर का आली, याचा उलगडा कसा व्हावा?”

“लोक जेवायला येतात भाऊ, उलगडा करायला न्हाई येत.”

सगराचे पुत्र वगळण्यात आले. मला वाईट वाटले. परंतु ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द मी ठळक अक्षरांत ठेवून घेतले. त्या दोन शब्दांनी पुढे माझी झोप उडविली.

आता मुख्य प्रसंग. अजमत बहिणीच्या लग्नासाठी परभणीस गेला होता. त्याची वाट पाहणे मला कमीपणाचे वाटले, कारण मी त्याच्या पाठीमागे उभा राहून सर्व काही पाहिले होते. पडद्यावर ‘गाव’ असा रकाना येई. त्यात नाव पूर्ण लिहिण्याचीही गरज नसे. नुसते ‘पिंपळगाव’ म्हटले की जिल्ह्यातील सारी पिंपळगावे, पिंपळगाव रेणुकाईसकट, ओळीने बाहेर पडत. मला मात्र जालन्याचीच माणसे पाहिजे होती, आणि आमच्या दुकानाचा रिवाज असा की, जालन्याच्या माणसाच्या नावापुढे गाव लिहीत नाहीत. परगावच्याचे गाव लिहावे. गावातल्याचे काय लिहावयाचे? अजमतनेही तो रिवाज पाळून त्यांचे रकाने रिकामे ठेवले होते.

मी विचार केला. ज्यांचे रकाने रिकामे आहेत ती माणसे हवीत. तर मग रकाना रिकामा ठेवूनच विचारावे. रिकाम्यास रिकामे बरोबर भेटेल. हा विचार मी अनेक विद्वानांपुढे मांडला आहे आणि त्यात चूक कोठे आहे, हे एकालाही चटकन सांगता आलेले नाही. मी रकान्यास स्पर्शही न करता बटण दाबले.

छपाईयंत्र सुरू झाले. मी चहा घेऊन आलो, तरी ते सुरूच होते. मी आणखी एक चहा घेऊन आलो. चिकटपट्ट्यांची चवड टेबलावरून उतरून जमिनीवर पसरली होती. जालन्यात आपला एवढा लोकसंग्रह आहे, या जाणिवेने माझा ऊर भरून आला. पत्ते इंग्रजीत छापलेले होते. इंग्रजी अक्षरे सुटी असल्यास मी ती ओळखतो. परंतु तेथे ती दाटीवाटीने उभी असल्यामुळे मी त्यांना त्रास दिला नाही.

पत्रिका अर्थातच कमी पडल्या. बदरोद्दीनभाईंनी आनंदाने पुन्हा छापल्या, आणि त्याही कमी पडल्यावर अधिक आनंदाने पुन्हा छापल्या. पट्ट्या चिकटविण्यास गल्लीतील बायका आमच्या ओसरीवर बसल्या. पाकिटांची तोंडेही त्यांनी मैद्याच्या खळीने अशी बंद केली, की हत्तीलाही उघडता येऊ नयेत.

“अवो,” आमच्या सौभाग्यवती उषाबाई हळूच म्हणाल्या, “जालन्यात एवढे लोक आपल्या वळखीचे हायेत?”

“वीस वर्षे गादीजवळ काय माशा मारीत बसलो?” मी विचारले. त्यांनी पुढची पट्टी उचलून चिकटविली. ती चिकटविण्याची त्यांची पद्धत मात्र मला आवडली नाही.

टपाल कार्यालयातील बाबूंनी पोत्याकडे पाहिले. “बुक पोस्टाने जायचं असेल तर पाकिटाचं तोंड उघडं पाहिजे,” ते म्हणाले. नियम तो नियम. मी आणि उषाबाई टपाल कार्यालयाच्या पायरीवर बसून सर्व पाकिटे पाणी लावून फोडीत राहिलो. जाणारे-येणारे गिऱ्हाईक “काय शेठ, सरकारी नोकरी लागली का?” असे विचारीत होते. अखेर बाबूंनी पाकिटे चाळली आणि म्हणाले, “भोकरदन, परतूर, मंठा, अंबड... तुमचा गोतावळा सगळ्या जिल्ह्यात दिसतो.”

हे मी कौतुक समजलो. मी मान लववून “आपली कृपा” असेही म्हणालो. दैव माणसाच्या कानात सांगत असते. माणूस ‘आपली कृपा’ म्हणत असतो.

अजमत परतला, तेव्हा मी त्याला माझा पराक्रम सविस्तर सांगितला. त्याने पेढ्यांचा डबा माझ्यापुढे धरलेला होता; तो त्याने हळूहळू मागे घेतला.

“भाऊ, गावात काय टाकलं व्हतं?”

“काहीही नाही.”

“म्हंजे, रिकामं सोडलं?”

“रिकामे शोधावयाचे होते, म्हणून रिकामे सोडले.”

अजमत खुर्चीवर बसला. “भाऊ, मशीन असं न्हाई बघत का कोणाचा रकाना रिकामा हाय. ते इतकंच बघतं, तुम्ही जे टाकलं ते गावाच्या नावात कुठं सापडतं का. ‘पिंपळगाव’ टाकलं, पिंपळगाववाले आले. नुसतं ‘गाव’ टाका, जेवढी गावं ‘गाव’वाली हायेत तेवढी आली. एकेक अक्षर कमी करत जावा, मानसं वाढत जातात. अन् बिलकुल काहीच न्हाई टाकलं, तर मला सांगा, ‘काहीच न्हाई’ कोणत्या नावात सापडत न्हाई?”

मी मनातल्या मनात वाटूर हे नाव घेऊन पाहिले. ‘वा’च्या आधी काही नव्हते. ‘र’च्या नंतर काही नव्हते. ‘वा’ आणि ‘टू’ यांच्या मध्येही, नीट पाहिले असता, काही नव्हते. एवढ्याशा नावात इतके ‘काही नाही’ भरलेले आहे, हे मला त्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते.

“याचा अर्थ?”

“सगळा जिल्हा जेवायला येऊन राह्यला, भाऊ. सहकुटुंब.”

मी पाणी मागितले. ते प्यायल्यावर म्हणालो, “निदान ज्यांना बोलवावयाचे होते ते रिकाम्या रकान्याचे लोक किती, एवढे तरी दाखव.” अजमतने संगणकास या वेळी ‘हुबेहूब रिकामे’ असे विचारले. फारच थोडी माणसे निघाली. मी चकित झालो. मग त्याने सांगितले की, शेठजी स्वतः नाव भरतात तेव्हा रकाना सोडताना खालची लांब पट्टी दाबतात. त्यामुळे तेथे डोळ्यांना न दिसणारे एक अक्षर पडते, आणि संगणक त्यास रिकामे मानीत नाही. आणखी काही रकाने असे की, त्यांना कोणी हातच लावलेला नाही. ते तर रिकाम्याशीदेखील जुळत नाहीत, कशाशीच जुळत नाहीत. थोडक्यात, रिकामे, रिकामे दिसणारे आणि अस्पर्श, अशा रिकामेपणाच्या जाती आहेत आणि त्यांच्यात परस्पर रोटीव्यवहार नाही. मनुष्यजातीने एवढे भेद केले ते पुरे नव्हते काय?

त्या सायंकाळी आमच्या ओसरीवर सल्लागारांची बैठक बसली. बदरोद्दीनभाईंनी ‘कृपया येऊ नये’ अशी दुसरी पत्रिका छापण्याची तयारी दाखविली. भिवा आचारी म्हणाला, “तब्येत बिघडल्याचं कळवा.” कोणाची, असे विचारताच त्याने मातोश्रींकडे पाहिले व सुपारी कातरावयास घेतली. मी टपाल कार्यालयात जाऊन पाकिटे परत मिळतील का, याची चौकशी करून आलो होतो. बाबू सभ्यपणे म्हणाले होते, “मिळतील की. दर पाकिटाला वेगळा अर्ज करा. पण अर्ज पोचेपर्यंत पाकीट पोचलेलं असतं.”

मातोश्री सर्व ऐकत होत्या. “गंगेचं आवतन माघारी घ्यायचं?” त्या म्हणाल्या. “धर्मा, माह्या काशीत तू खोडा घालून राह्यला का रे? आलेल्याला वाढायचं. बास.” आणि उठून झारीपाशी जाऊन बसल्या. त्यांचे सुजलेले पाय मला दिसले. त्या पायांवर साऱ्या जिल्ह्याचे जेवण उभे राहावयाचे होते, आणि ते मी केवळ एक रकाना सोडून उभे केले होते.

मग तयारी. शेठजींनी आमच्या गल्लीतले आपले गोदाम मोकळे करून दिले व माझ्याकडे बघणे टाळले. भिवाने मंदिरांतून कढया मागून आणल्या. त्यातील एका कढईत आमचे न्हाणीघर सहज बसले असते. बुंदी, पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात. “मानसं किती धरायची?” भिवाने विचारले. मी आकाशाकडे बोट दाखविले.

याच सुमारास गल्लीतील वारे फिरले. द्वारकाबाईंनी विरजण मागणे बंद केले. उषाबाई दिसल्या की त्या मोठ्याने सुनेला म्हणत, “आपल्याला काय करायचंय बाई? आपन काय भोकरदनचे हाओत का?” बदरोद्दीनभाईंचा सलामही आखूड झाला. मी अपमान गिळला. संकटकाळी शेजारी पाठ फिरवितात असे सुभाषित आहे. ते मी उषाबाईंना ऐकविले.

मावंद्याच्या दिवशी सकाळी पोस्टमनने गोदामाच्या दारात एक गठ्ठा आणून ठेवला. सगळी पाकिटे आमचीच होती. प्रत्येकावर शेरा : गावाचे नाव नाही, पाठविणाऱ्यास परत. पोस्टमन म्हणाला, “सगळी थप्पी एकदमच औरंगाबादला छाटणीला गेल्ती. तिथल्यांना काय ठाऊक, गाव न्हाई म्हंजे जालना?”

जालन्याच्या माणसांचे रकाने रिकामे होते. म्हणून त्यांच्या पत्त्यावरही गाव छापले गेले नव्हते. ज्यांना मुळीच बोलवावयाचे नव्हते त्या साऱ्या जिल्ह्यास आवतन पोहोचले, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या आमच्या गल्लीस पोहोचले नाही. द्वारकाबाईंनी स्वतःच्या हाताने चिकटविलेले स्वतःचे पाकीट त्या गठ्ठ्यात सर्वांत वर होते. मी तेथेच पायरीवर बसलो. फेटा बांधलेला होता, तो मला जड होऊ लागला.

इतक्यात एक वृद्ध गृहस्थ गोदामाच्या दारात आले. हातात नारळ, त्यावर टॉवेल-टोपी. “मी रखमाजी. पिंपळगाव रेणुकाईचा.”

“या, या.” मी त्यांच्यामागे रस्त्याकडे पाहिले. “बाकीचे मागून येऊन राहिले का?”

“कोन बाकीचे?”

“आपल्या गावात पुष्कळ पत्रिका आल्या असतील.”

“आल्या की! साऱ्या पारावर आनून ठिवल्या. धर्मराज कोन, एकालाबी ठाव न्हाई. वळख न्हाई तिथं आख्खं गाव पोरंबाळं घेऊन जेवाया कसं जाईन? लाज हाय का न्हाई? पन गंगेचं आवतन मोडावं तरी कसं? मंग ठरलं, गावाच्या वतीनं एकानं जायचं. मला धाडलं.” त्यांनी नारळ माझ्या हाती दिला आणि आवाज खाली आणला. “आता तुम्ही कोन, तेवढं सांगा. गेल्यावर इचारतीन.”

रकान्याची हकिगत सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. “मी बियाण्याच्या दुकानातला धर्मराज.”

“आस्सं! मागल्या साली कपाशीचं बी तुमच्याकडून नेल्तं. गादीजवळ बसता ते!”

“उगवले होते ना?”

“उगवलं की.”

आयुष्यात मी अनेक गोड शब्द ऐकले. परंतु ‘कोन बाकीचे’ आणि ‘उगवलं की’ यांची सर कशालाही नाही. पाठोपाठ परतूरकडचा एक, मंठ्याकडचा एक, अंबडकडचा एक, असे येत गेले. प्रत्येकाच्या हाती नारळ, प्रत्येक जण आपापल्या गावाच्या वतीने आलेला, आणि प्रत्येकाला मी कोण, हे जाणून घ्यावयाचे होते. वाटूरची भावकीही आली. एकूण मंडळी दोन पंगतींत बसली असती. मी कढयांकडे पाहून हसलो. भिवा मात्र हसला नाही.

“धर्मराजभाऊ, हे डोंगर कोन खाईन? अन्न टाकलं तर काशी न्हाई का बुडत?”

या बाजूने मी विचार केला नव्हता. मी गठ्ठा उचलून मातोश्रींपाशी नेला. “आई, पुरावा आहे. गल्लीस पत्रिका पाठविल्या होत्या. हे शेरे पाहा. मी दारोदार जाऊन प्रत्येकास आपले पाकीट दाखवितो.”

“ठिव ते तिकडं.” मातोश्री उठल्या. झारी डोक्यावर घेतली आणि अनवाणी गल्लीत उतरल्या. मी मागोमाग गेलो. पुरावा मी काखेत ठेवलाच होता.

काशीहून आलेल्या माणसाने दारात पाऊल टाकले की त्याचे पाय धुवावे लागतात. मग आत कितीही राग असो. द्वारकाबाईंनी दार उघडले. मग तांब्या आणला, मातोश्रींच्या पायांवर पाणी घातले आणि त्यांना रडू कोसळले.

“चिकटवून चिकटवून बोटं चिकटली माही, सोनूबाई. अन् माह्याच दाराला पत्रिका न्हाई!”

“बाई गं, पाय दुखून राह्यले माहे. तू उभी राहून बोलत बसली तर मी पडन. चल जेवाया.”

समोरच्या घरी बदरुन्निसाभाभींनी झारीसमोर ओंजळ धरली. बदरोद्दीनभाई मागे उभे होते. “मीच छापल्या अन् मलाच न्हाई आली, तवा मला वाटलं, सगराची पोरं कापली म्हून धर्मराजभाऊंनी दुश्मनी धरली.”

“मी तसा माणूस नाही,” मी म्हणालो. खरे म्हणजे थोडासा आहे.

घराघरांतून मंडळी निघाली. अजमतही पोहोचला आणि पाटावर न बसता वाढावयास उभा राहिला. “भाऊ, त्या रकान्याला कुलूप लावलं,” त्याने मला बुंदी वाढताना कानात सांगितले, “आता रिकामं सोडलं तर मशीन पुढं जातच न्हाई.” परंतु ती बुंदी माझ्या पानात नव्हे, माझ्या हातातील परातीत पडली, कारण मी रखमाजींना वाढावयास निघालो होतो. पंगतीमागून पंगती उठल्या. परगावचे पाहुणे गल्लीच्या मंडळींत मिसळले, कपाशीवर आणि पावसावर बोलले, आणि निघताना प्रत्येकाने आपल्या गावच्या जत्रेचे आवतन मला तोंडी दिले.

दिवस कलला तेव्हा भिवा झाऱ्याने कढईचा तळ खरवडीत होता. मातोश्री दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी गल्लीत हाक घातली, “जेवायचं राह्यलं का कुनी?” दोन्ही बाजूंनी “न्हाई” असे आले. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा “न्हाई.”

“मंग घाल उपडी.”

भिवाने कढई उपडी घातली. त्या आवाजासरशी माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मातोश्री खाली बसल्या, पाय पसरले आणि प्रथमच समाधानाने हसल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांचे हसू थांबले.

“धर्मा, तू जेवला का?”

मी जेवलो नव्हतो. उषाबाईंनी परातीत पाहिले, भिवाने पातेल्यात पाहिले. कोठेही काही नव्हते. पुण्य पुन्हा उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले.

“आवतन दिलेला माणूस उपाशी जाऊ नये, अशी अट आहे,” मी घाईघाईने म्हणालो. “मला कोणी आवतन दिलेलेच नाही.”

हा मुद्दा मातोश्रींना पटला असावा; परंतु द्वारकाबाईंना पटला नाही. त्या घरात गेल्या आणि सकाळी रागाच्या भरात थापलेल्या ज्वारीच्या भाकरी, वर ठेचा, असे ताट घेऊन आल्या. “खा भाऊजी. आज आम्ही तुमच्याकडं न्हाई जेवायचं, असं ठरवून केल्त्या.”

भाकरी एका बाजूने करपली होती. मी फेटा काढून बाजूस ठेवला, मांडी घातली आणि ती कडेपर्यंत सगळी खाल्ली.